ह्याचा कान कुठं हाय?

आबांचं वय ब्याऐंशी. संध्याकाळी सातच्या बातम्यांना आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात टीव्ही एवढा मोठ्यानं लागायचा की जिन्यात आलेल्या माणसाला काय घडामोड आहे ते दार उघडायच्या आधीच कळायचं. म्हणून एका दिवाळीत माझ्या मुलीनं त्यांच्यासाठी बिनतारी हेडफोन आणले. आबांनी ते डोक्यावर चढवले आणि सवयीनं अंगठा कडेकडेनं फिरवायला लागले. सगळीकडं गुळगुळीत. कुठं चकती नाही, खुंटी नाही, दाते नाहीत. दोन्ही बाजू चाचपून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्याचा कान कुठं हाय?"

मुलगी म्हणाली, "आबा, कान माझ्या फोनमध्ये आहे." आणि तिनं स्क्रीनवर बोट सरकवलं. आबांच्या डोक्यावरचा आवाज खाली आला.

आबांच्या पिढीला हा शब्द नवा नव्हे. रेडिओचा कान पिळायचा, तंबोऱ्याचा कान पिळायचा. वाजणाऱ्या वस्तूला कान असतो, तो तिच्या अंगावरच असतो आणि तो पिळला की ती ऐकते, हे त्यांनी लहानपणापासून गृहीत धरलेलं. त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीच्या मागं लागलो आहे. वस्तूच्या अंगावरचा कान निघून फोनमध्ये गेला कसा?

सुरुवात करायला लांब जावं लागत नाही. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर मिरज आहे. फरीदसाहेब सतारमेकरांपासून तिथं पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी घडतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोरा हातात घेतला तर त्याच्यावर आवाज नेमका करण्याच्या तीन जागा सापडतात. वर खुंट्या, त्यांनी तार ढोबळ चढते-उतरते. खाली तारेत ओवलेले मणी, ते केसभर सरकवले की सूर बारकाईनं जुळतो. आणि घोडीवर जवारी. तिथं तारेखाली सुताचा दोरा असतो. तो जरा पुढंमागं केला की सूर तोच राहतो, पण त्याचा रंग बदलतो. वरचे स्वरांश फुलतात किंवा दबतात, आवाज उघडा होतो किंवा बंद होतो. आज हेडफोनच्या अ‍ॅपमध्ये 'इक्वलायझर' नावाचं जे पान असतं, ते काम हा दोरा करत आला आहे. स्वर न बदलता त्याचा पोत बदलायचा. फरक एवढाच की दोरा हलवणाऱ्याला कान तयार करावा लागतो आणि त्याला वर्षं जातात.

तंबोऱ्याचा कान गाणाऱ्याच्या हाती असतो. ऐकणाऱ्याच्या हाती त्या काळात काय होतं? फार तर पुढं सरकून बसणं. ऐकणाऱ्याची सोय करायची ती इमारतीनं. आणि त्या बाबतीत कोल्हापूरची एक इमारत मी जगातल्या कुठल्याही चांगल्या यंत्राच्या जोडीला बसवीन.

१९०२ साली राजर्षी शाहू महाराज विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोझियम पाहिलं. परतल्यावर १९१२ साली खासबाग मैदान झालं, कुस्ती कुठूनही दिसावी असं. त्याला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर उभं राहिलं. पुढं १९५७ साली त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव दिलं गेलं. प्रेक्षागृहात मध्ये खांब नाही, त्यामुळं नजरही अडत नाही आणि आवाजही. ध्वनिक्षेपक नावाची वस्तू तेव्हा इथं कुणाला ठाऊक नव्हती. ऑर्गन, तबला, सारंगी, त्यावर नटाचा गळा, आणि तो गळा शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसापर्यंत शब्दासकट पोचला पाहिजे. छत किती उंच, भिंत कुठं वळवायची, जमिनीला उतार किती, लाकूड कुठं वापरायचं, हे सगळे निर्णय म्हणजे आवाजाचे कान पिळणंच होतं. एकदा, कायमचे, सगळ्यांसाठी. आबा सांगतात, त्यांच्या तरुणपणी नाटकात माइक असत, पण मध्येच बंद पडले तरी कुणी ओरडत नसे. ऐकू यायचं.

ऐकणाऱ्याला घरात पहिला कान मिळाला तो ग्रामोफोननं, आणि तो कान फार गंमतीचा होता. चावीच्या ग्रामोफोनला आवाज कमी-जास्त करायची चकती नव्हती. त्याऐवजी डबीत सुया मिळत. मोठ्या आवाजाची जाड सुई, मधल्या आवाजाची, हळू आवाजाची बारीक सुई. घरात कुणी आजारी असलं तर बारीक सुई लावायची. कपाटासारख्या ग्रामोफोनला पुढं दारं असत, ती लोटून घेतली की आवाज दबायचा, उघडली की वाढायचा. मला ही दारं फार आवडतात. आवाज कमी करायचा म्हणजे दार लोटायचं, याला शिकवावं लागत नाही.

आणि १९३२ साली याच गावात आवाजाचा तोल पायांनी साधला गेला. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि पुण्याला जाण्यापूर्वी तिनं इथं 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं, ध्वनीची बाजू विष्णुपंत दामल्यांकडं, संगीत गोविंदराव टेंब्यांचं. हरिश्चंद्राच्या भूमिकेतही टेंबेच, तारामती दुर्गाबाई खोटे. पार्श्वगायन अजून यायचं होतं. नटानं कॅमेऱ्यासमोर गायचं आणि त्याच वेळी चौकटीबाहेर बसलेल्या वादकांनी वाजवायचं. वेगवेगळे आवाज वेगवेगळे नोंदवून मागाहून मिसळायची सोय नसली की तोल साधायचा एकच मार्ग उरतो. ज्याचा आवाज जास्त तो माइकपासून लांब, ज्याचा कमी तो जवळ. आजच्या मिक्सरवर जी पट्टी वर-खाली करतात, तिच्या जागी तेव्हा माणूस सतरंजीसकट दोन हात मागं सरकायचा.

रेडिओ आला आणि कान खऱ्या अर्थानं श्रोत्याचा झाला. लाकडी पेटी, पुढं कापडाची जाळी, काचेवर गावांची नावं आणि खाली दोन-चार मोठ्या चकत्या. एक स्टेशनची, एक आवाजाची, एक टोनची. काही सेटांवर हिरवा डोळा असे, स्टेशन नीट लागलं की तो मिटत यायचा. पुढं ही टोनची चकती दोन भागांत फुटली, बेस वेगळा आणि ट्रेबल वेगळा. त्यामागं एक साधं, सुंदर सर्किट आहे. १९५२ साली पीटर बॅक्झांडल या इंग्रज अभियंत्यानं ते 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापलं, आणि ते जगभरच्या अँप्लिफायरांत वापरलं गेलं. चकती मधोमध ठेवली की आवाज जसा आहे तसा. डावीकडं कमी, उजवीकडं जास्त. घरातल्या माणसाला आवाजाची मात्रा आणि आवाजाचा पोत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बोटांनी कळलं ते या दोन चकत्यांमुळं.

पण तो कानही पूर्ण आपला नव्हता. रेडिओ घरी ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे, दरवर्षी पैसे भरून पुस्तिकेत तिकीट चिकटवावं लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. आबांच्या लोखंडी पेटीत ती पुस्तिका अजून आहे. हेडफोनच्या अ‍ॅपनं पहिल्याच पानावर ईमेल, जन्मतारीख आणि 'तुमचं ठिकाण' मागितलं, तेव्हा मला तीच आठवली. फरक असा की पोस्ट कशाचे पैसे घेतंय ते पावतीवर छापलेलं असे.

दरम्यान कान वस्तूपासून सुटायला लागला होता. १९३९ साली अमेरिकेतल्या फिल्को कंपनीनं रेडिओसाठी एक वेगळीच पेटी काढली, वर टेलिफोनसारखी चकती असलेली, रेडिओला कुठलीही तार न जोडलेली. खुर्चीत बसून स्टेशन बदला, आवाज कमी करा. म्हणजे बिनतारी रिमोट घराघरांत टीव्हीसाठी पोचण्याच्या कितीतरी आधी रेडिओसाठी झाला होता. टीव्हीच्या रिमोटचा इतिहास सगळ्यांना माहीत असतो, तो इथं सांगत बसत नाही.

मला जास्त थांबायचंय ते एका बटणापाशी. १९८० च्या दशकात आखाती देशांतून येणाऱ्या माणसाच्या सामानात टेपरेकॉर्डर असायचाच. त्याच्यावर पाच पट्ट्यांचा इक्वलायझर, लाल-हिरवे दिवे, आणि चांगला असला तर एक छोटं बटण. त्यावर लिहिलेलं 'डॉल्बी'. कॅसेटची फीत वाजताना तिचा स्वतःचा एक सुस्कारा ऐकू येतो, सससस असा. गाणं हळू झालं की तो उघडा पडतो. रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्यानं यावर उपाय काढला. रेकॉर्ड करताना बारीक, हळू आवाज मुद्दाम उचलून घ्यायचे आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे. खाली आणताना फितीचा सुस्काराही त्यांच्याबरोबर खाली जातो. शांत जागा खरोखर शांत होते. या माणसानं १९६३ पासून दोन वर्षं युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात काम केलं आणि १९६५ साली इथून गेल्यावर लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. आवाजातली शांतता वाचवणं, हा त्याच्या पहिल्या शोधाचा सगळा अर्थ.

आता कोल्हापुरात कुणालाही विचारा, डॉल्बी म्हणजे काय. ट्रॉलीवर किंवा ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. खाली बेस, वर टॉप, मागं जनरेटर. नाव बहुधा थिएटरच्या पाट्यांवरून आणि टेपच्या बटणावरून उतरलं असावं, चांगला आवाज म्हणजे डॉल्बी, आणि मग मोठा आवाज म्हणजे डॉल्बी. माणसाचं नाव त्याच्या कामाच्या बरोब्बर उलट्या टोकाला जाऊन बसल्याचं असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

अनंत चतुर्दशीला मानाचा पहिला गणपती तुकाराम माळी तालमीचा निघतो. त्याच्यामागं गावातल्या तालमी आणि मंडळं महाद्वार रोडला लागतात. मिरजकर तिकटी, बिंदू चौक, पापाची तिकटी, पुढं पंचगंगा किंवा इराणी खण. ढोल-ताशा, लेझीम, झांजपथक, बेंजो, हे सगळं मी लहानपणी या रस्त्यावर आबांच्या खांद्यावर बसून पाहिलं. ते आवाजही मोठेच होते. पण वाजवणाऱ्याचा दंड दुखायचा, तो थांबायचा, पाणी प्यायचा, आणि त्या वेळी रस्त्याला श्वास मिळायचा. डॉल्बीला दंड नाही. मिक्सरपाशी ऑपरेटर बसलेला असतो, पुढं नाचणारी पोरं हात वर करून त्याला खूण करतात, वाढव, आणि तो वाढवतो. समोरच्या माडीवर आजारी माणूस असतो, पाळण्यात मूल असतं, तावदानं थरथरत असतात. त्या माडीवरून खूण करायची सोय नाही. त्या भिंतीचा कान एकाच बाजूला आहे.

कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, सणासाठी वर्षातले ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली हे नियम ठामपणे उचलून धरले. पोलिसांनी इथं डॉल्बीमुक्त मिरवणुकीच्या मोहिमा चालवल्या, अनेक तालमींनी स्वतःहून डॉल्बी नाकारला, पुन्हा पारंपरिक वाद्यं आणली. त्या तालमींबद्दल मला मनापासून आदर आहे. हे काम फोनमधलं कुठलंही अ‍ॅप करू शकणार नाही.

पण अ‍ॅपनं दुसरं एक काम केलं. स्वतःपुरतं.

त्याचा मागोवा हेडफोनच्या बाजूनं घ्यावा लागतो. १९१० च्या सुमारास नॅथॅनियल बाल्डविन या अमेरिकेतल्या युटाच्या माणसानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन जुळवून नौदलाला पाठवले. ते बिनतारी संदेश ऐकायला होते, गाण्यासाठी नव्हते. गाण्यासाठीचा स्टिरिओ हेडफोन जॉन कॉसनं १९५८ साली मिलवॉकीत आणला. १ जुलै १९७९ ला सोनीचा वॉकमन बाजारात आला. त्याला हेडफोनच्या दोन जागा होत्या, कारण एकट्यानं ऐकत बसणं लोकांना उर्मटपणाचं वाटेल अशी अकिओ मोरिता यांना धास्ती होती. आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं मंद व्हायचं, आतला छोटा माइक सुरू व्हायचा, आणि ऐकणाऱ्या दोघांना हेडफोन न काढता एकमेकांशी बोलता यायचं. लोकांनी ते बटण फारसं वापरलं नाही, पुढच्या वॉकमनांवरून ते गेलं. पण आजच्या अ‍ॅपमध्ये बाहेरचा आवाज आत घेण्याचा जो पर्याय असतो, तो त्या नारिंगी बटणाचाच नातू आहे.

बाहेरचा आवाज घालवण्याचा पर्याय त्याहूनही म्हातारा. पाउल लुएग या जर्मन संशोधकाला १९३६ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. ध्वनीची लाट येते, तिला बरोब्बर उलटी लाट सोडली की दोन्ही मिळून शून्य. कागदावर ते सोपं होतं, पण तेवढी चपळ यंत्रं नव्हती. १९७८ साली अमर बोस झुरिचहून अमेरिकेला परतत होते. हे अमेरिकेत जन्मलेले प्राध्यापक, वडील बंगालमधले क्रांतिकारक. विमानात दिलेल्या हेडफोनमधलं संगीत इंजिनाच्या घरघरीत बुडालं, आणि त्यांनी तिथंच कागद काढून गणित मांडलं. वैमानिकांसाठी हेडसेट आला १९८९ साली, सामान्य ग्राहकांसाठी २००० साली. ही युक्ती विमानाच्या घरघरीसारख्या संथ, खालच्या आवाजावर उत्तम चालते. विसर्जनाच्या रात्री मी ती महाद्वार रोडजवळच्या एका नातेवाइकांच्या घरात वापरून पाहिली. कानातला गोंगाट खरंच उतरला. पण बेस छातीच्या फासळ्यांतून, पलंगाच्या पायांतून, जमिनीतून येतो. तिथं कुठलीच उलटी लाट पोचत नाही.

आता अ‍ॅपची जन्मवेळ. जुलै २००८ मध्ये ॲपलनं फोनसाठी अ‍ॅपचं दुकान उघडलं. त्याच वर्षी सोनॉस या अमेरिकन कंपनीनं आपल्या घरगुती स्पीकरांचं नियंत्रण फोनवर आणलं. तोवर २००५ पासून ती त्यासाठी वेगळा, चकती आणि पडदा असलेला महागडा रिमोट विकत होती. फोन ज्याच्या-त्याच्या खिशात असताना वेगळा रिमोट कशाला, हा हिशेब चोख होता. हेडफोनच्या बाबतीत नाव घ्यायचं ते पॅरिसच्या पॅरट कंपनीच्या 'झिक'चं, २०१२ सालचं. त्याच्या अ‍ॅपमध्ये आवाज, बेस-ट्रेबल, बाहेरचा गोंगाट बंद करणं, हे सगळं होतंच. पण मला थक्क केलं ते एका पानानं. तिथं खोली निवडता यायची. शांत खोली, दिवाणखाना, जॅझ क्लब, मैफलीचं सभागृह. समोरचे काल्पनिक स्पीकर किती अंशांच्या कोनात असावेत, तेही. १९१५ साली कोल्हापुरात जे काम दगड, लाकूड आणि उतारानं केलं, ते शंभर वर्षांनी बोटाखालच्या चार चित्रांत आलं होतं.

यात फोन नेमकं काय करतो, हे समजून घेण्यासारखं आहे. गाणं एका वाटेनं जातं आणि अ‍ॅपचे हुकूम दुसऱ्या. हुकूम म्हणजे फक्त आकडे. एक हजार हर्ट्झला दोन वाढव, शंभरला तीन कमी कर. ते आकडे ब्लूटूथवरून हेडफोनमधल्या चिपकडं जातात आणि खरी गणितं ती चिप करते. बऱ्याच हेडफोनांत हे आकडे चिपमध्येच टिकतात. म्हणून मुलगी कॉलेजला गेली, फोन तिच्याबरोबर गेला, तरी आबांच्या डोक्यावर तिनं जुळवलेला आवाज तसाच राहतो. जुळवायला मात्र ती लागते. सकाळी आबा हाक मारतात, "बाळ, जरा बारीक कर की गं." रेडिओपाशी जाऊन स्वतः हात घालणारा माणूस आता हाक मारतो. मला हे दर वेळी टोचतं.

तरी आबांना या अ‍ॅपनं जे दिलं ते रेडिओच्या चकतीला देता आलं नसतं, हेही तितकंच खरं. वयानं कान उतरतो तो वरच्या बाजूनं. दोन हजार हर्ट्झच्या वरचे आवाज आधी जातात. स, श, फ, थ ही अक्षरं तिथंच राहतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. टीव्ही मोठा केला तर स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तशीच हरवलेली राहतात. अ‍ॅप दोन्ही कानांची चाचणी घेतं, वेगवेगळ्या पट्टीतले बारीक सूर ऐकवून, आणि नेमकी ती पट्टी तेवढीच उचलतं, डाव्या कानाला वेगळी, उजव्याला वेगळी. २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ॲपलच्या इअरफोनमधल्या अशाच सोयीला सौम्य ते मध्यम श्रवणदोषासाठी श्रवणयंत्र म्हणून मान्यता दिली. आमच्या घरात चाचणी झाल्यावर आबा बातम्या ऐकत बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी हेडफोन काढून मला विचारलं, "ही बाई आधीपास्नं एवढं स्वच्छ बोलत हुती?"

अ‍ॅप आणखी एक गोष्ट मोजतं, ती तरुण पोरांच्या कामाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं २०१८ साली एक मानक ठरवलं. मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि असं करत १०१ डेसिबलला आठवड्याचा सगळा कोटा जेमतेम एकोणीस मिनिटांत संपतो. माझा पुतण्या डॉल्बीसमोर किती तास नाचला ते मला ठाऊक आहे. हे गणित मी त्याला वहीत मांडून दाखवलं. त्यानं ती वही बराच वेळ खाली ठेवली नाही.

मग अडचण कुठं आहे? अडचण आयुष्याची आहे. आमच्याकडं एक बिनतारी स्पीकर आहे, आठ वर्षांचा, आवाज अजून खणखणीत. त्याचं अ‍ॅप नव्या फोनवर चालत नाही, कंपनीनं ते पुढं चालवणं बंद केलं. त्यामुळं शेवटी कुणी जो बेस लावून ठेवला होता, तो आता कायमचा. स्पीकर धडधाकट आणि कान तुटलेला. हे एकट्या आमच्याच घरात झालेलं नाही. मे २०२४ मध्ये सोनॉसनं आपलं अ‍ॅप नव्यानं लिहून बाजारात आणलं आणि त्यात गजर, झोपेची वेळ लावणं, स्वतःच्या संग्रहातली गाणी, अशा नेहमीच्या सोयी गायब किंवा नादुरुस्त निघाल्या. लोकांच्या घरातले स्पीकर आदल्या रात्री होते तेच होते. कंपनीनं माफी मागितली, जानेवारी २०२५ मध्ये तिचे प्रमुख पायउतार झाले. बॅक्झांडलच्या चकतीच्या बाबतीत असं काही घडूच शकलं नसतं, कारण ती चकती पेटीवरच होती.

इथं मला गायिका केसरबाई केरकरांची आठवण येते. गोव्यातल्या केरीची ही मुलगी आठ वर्षांची असताना कोल्हापूरला आली आणि आठ महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकली. पुढं मुंबईत त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधला, जे शाहू महाराजांच्या दरबारी गायक म्हणून वर्षानुवर्षं कोल्हापुरात राहिले. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तीत केसरबाईंची भैरवी आहे. ती तबकडी पाठवणाऱ्यांनी एक गोष्ट फार विचारानं केली. सोबत सुई आणि कार्ट्रिज ठेवलं, आणि वेष्टनावर चित्रं कोरली. सुई कुठं टेकवायची, तबकडी किती वेगानं फिरवायची. एका फेरीला ३.६ सेकंद. सेकंद हे आपलं माप, ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही, म्हणून हायड्रोजनच्या अणूत घडणाऱ्या एका बदलाच्या काळाचं एकक वापरलं, जे विश्वात कुठंही तेच राहतं. लक्षावधी वर्षांनी, भाषा न कळणाऱ्या कुणाच्या हाती ती पडली, तरी तिचा कान तिच्या अंगावरच सापडेल. आमच्या कपाटातल्या स्पीकरच्या तळाशी एक चौकोनी कोड छापलेला आहे. तो फोननं टिपला की पान सापडत नाही असा निरोप येतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आम्ही पेठेतून धूर पाहिला. आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, हेडफोन नव्हता लावलेला, बंबांचे आवाज ऐकत होते. छत, रंगमंच, लाकूडकाम, ज्या ज्या गोष्टीनं तो आवाज घडवला होता, तेच जळालं. पॅरिसला नोत्र दाम कॅथेड्रलचं छत २०१९ च्या एप्रिलमध्ये जळालं तेव्हा ब्रायन कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडं २०१३ साली घेतलेल्या ध्वनिमापनाच्या नोंदी होत्या. कुठून आवाज केला तर कुठं कसा ऐकू येतो, किती वेळ घुमतो, सगळं आकड्यांत. त्या आकड्यांवरून जळण्यापूर्वीचं कॅथेड्रल हेडफोनमध्ये पुन्हा ऐकता येतं. तंत्र तेच, झिकच्या अ‍ॅपमधल्या चार चित्रांचं, फक्त खोली खरी.

कोल्हापुरात पुनर्बांधणीचं काम हाती घेतलं गेलं. आता तिथं उत्तम ध्वनियंत्रणा बसेल यात शंका नाही. हल्ली साउंडवाला मिक्सरपाशी बसून राहत नाही, हातात टॅब्लेट घेऊन पार शेवटच्या रांगेत जातो, तिथं उभा राहून अ‍ॅपवर आवाज जुळवतो. ही पद्धत मला पटते. जिथं सगळ्यात कमी ऐकू येतं तिथं उभं राहून कान पिळायचा. पण तो टॅब्लेट उघडण्याआधी, माइकची एकही तार जोडण्याआधी, रिकाम्या प्रेक्षागृहात रंगमंचाच्या मधोमध कुणीतरी उभं राहावं आणि एक टाळी वाजवावी. आबांना मी शेवटच्या रांगेत नेऊन बसवीन. हेडफोन खिशात.

"आली," असं ते म्हणतात का, ते मला ऐकायचंय.